पहिलं सिम पॅनेल बनवताना: बोर्डात काय भरायचं आणि त्याला वीज कुठून द्यायची

संगणकावर विमान उडवायच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी मी स्विच-दिव्यांचं एक पॅनेल बनवलं होतं. त्यावर फ्लॅपचा (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचा) काटा हलला की रेडिओचे आकडे विझायचे. पाठोपाठ उपकरण निघाल्याचा विंडोजचा आवाज, दोन सेकंदांनी परत जोडल्याचा आवाज, आणि पॅनेल पुन्हा जिवंत. दोन रात्री मी प्रोग्राममधली चूक शोधत बसलो. प्रोग्राम निर्दोष होता. काटा फिरवणारी छोटी सर्व्हो मोटर आणि आकड्यांचा डिस्प्ले एकाच यूएसबी पोर्टवर जेवत होते. मोटरनं मोठा घास घेतला की बाकीचे उपाशी. तेव्हापासून एखादं पॅनेल विचित्र वागायला लागलं की मी आधी मल्टिमीटर उचलतो, मग कोड उघडतो. नवख्यांच्या बहुतेक अडचणी मी विजेच्या आणि वायरींच्याच पाहिल्या आहेत, म्हणून या लेखात विजेला जरा जास्त जागा दिली आहे.

आपण एक छोटं पॅनेल डोळ्यासमोर ठेवू. दिव्यांचे चार टॉगल स्विच, हेडिंग (विमानाची दिशा, अंशांत) फिरवायचा एक नॉब, चाकं खाली आल्याचे तीन हिरवे दिवे, रेडिओच्या फ्रिक्वेन्सीसाठी आठ आकड्यांचा डिस्प्ले आणि फ्लॅपचा एक काटा. एवढं जमलं की पुढचं कुठलंही पॅनेल म्हणजे याच गोष्टी जास्त संख्येनं. सगळं एकदम मात्र जोडू नका. एक स्विच चालला की दुसरा जोडायचा.

बोर्ड कोणता

बोर्ड म्हणजे स्विच वाचणारा आणि दिवे लावणारा, प्रोग्राम चढवता येणारा चिमुकला संगणक; त्याच्या पिनांना आपल्या वायरी जोडायच्या. आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: पॅनेलनं सिम्युलेटरला फक्त सांगायचं आहे, की त्याच्याकडून ऐकायचंही आहे?

फक्त स्विच आणि नॉब असतील तर सोपा मार्ग म्हणजे प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो हे आर्डुइनो जातीचे बोर्ड. यांच्यावरची एटीमेगा ३२यू४ ही चिप स्वतःच यूएसबी बोलते, त्यामुळे बोर्ड संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसू शकतो. कुठलंही सिम्युलेटर त्याला ओळखतं, मधे वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. तोटा असा की साध्या जॉयस्टिकला विमानातलं काही परत कळत नाही. चाकं खरंच खाली आली का, रेडिओवर कोणता आकडा आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

आपल्याला दिवे आणि आकडे हवेत, म्हणून आर्डुइनोचाच मोठा बोर्ड, मेगा २५६०. त्याला ५४ डिजिटल आणि १६ ॲनालॉग पिना असतात, आणि ॲनालॉग पिनाही साध्या स्विचसाठी वापरता येतात. आपल्या पॅनेलला लागतात १४: स्विचच्या चार, नॉबच्या तीन, दिव्यांच्या तीन, डिस्प्लेच्या तीन, मोटरची एक. उनो या छोट्या आर्डुइनोवरही हे कसंबसं मावेल, पण पॅनेल वाढतंच, आणि पिना संपल्या म्हणून सगळं उसवून दुसऱ्या बोर्डावर नेण्यासारखा कंटाळा नाही. शून्य आणि एक नंबरच्या पिना मोकळ्या ठेवा. संगणकाशी बोलणं त्यांच्यावरूनच चालतं. तिथे स्विच लावला तर प्रोग्राम चढायलाच नकार देईल.

रास्पबेरी पाय पिको हा दुसऱ्या जातीचा बोर्ड छान आहे, वेगवान आहे, पण पहिल्या पॅनेलला मी तो सुचवत नाही. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. ५ व्होल्टचा सिग्नल त्यांच्यावर दिला तर पिन जाऊ शकते. उलट बाजूनंही अडचण आहेच: पुढे येणारी मॅक्स७२१९ ही डिस्प्लेची चिप ५ व्होल्टवर चालताना 'चालू' असा सिग्नल किमान ३.५ व्होल्टचा मागते. पिको देतो ३.३. मग टेबलावर चालतं, पेटीत बसवल्यावर चालत नाही, आणि माणूस वेडा होतो.

पहिल्यांदा केबल जोडल्यावर

बोर्ड जोडला, त्यावरचा दिवा लागला, पण संगणकाच्या यादीत काहीच दिसत नाही. सगळ्यात आधी केबल बदला. फोन चार्ज करायच्या कित्येक केबलींत फक्त विजेच्या दोन वायरी असतात, डेटाच्या नसतातच. वीज पोचते म्हणून दिवा लागतो, बोलणं मात्र होत नाही. दुसरी केबल लावूनही दिसला नाही तर बोर्डावरची यूएसबीची चिप पाहा. मूळ मेगावर एटीमेगा १६यू२ असते, बऱ्याच नकलांवर सीएच३४०. तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागू शकतो. बोर्ड ओळखला गेला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याला एक कॉम पोर्ट नंबर मिळतो. तो कागदावर लिहून ठेवा.

मग आर्डुइनो आयडीई या, बोर्डासाठी प्रोग्राम लिहून चढवायच्या सॉफ्टवेअरमधलं तयार 'ब्लिंक' उदाहरण चढवून बोर्डावरचा दिवा लुकलुकवा. पोरखेळ वाटेल, पण केबल, ड्रायव्हर, पोर्ट आणि बोर्ड या चारही गोष्टी ठीक आहेत हे एका मिनिटात कळतं. पुढे काही बिघडलं तर निदान या चारांवर संशय घ्यायला नको.

इथून दोन रस्ते फुटतात. मेगासाठी मी मोबीफ्लाइट वापरा म्हणेन. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन आणि प्रीपार३डी या तिन्हींशी बोलतं. ते मेगा ओळखतं आणि त्यावर आपलं फर्मवेअर (बोर्डात राहणारा प्रोग्राम) चढवायचं का, असं विचारतं. हो म्हणायचं. त्यानंतर कोड लिहायचा नाही, फक्त कोणत्या पिनवर काय आहे ते भरायचं आणि प्रत्येकाला विमानातली एखादी गोष्ट जोडायची. एक फसगत नेहमीची: आयडीईतला सिरियल मॉनिटर (बोर्डाचे संदेश दाखवणारी खिडकी) उघडा राहिलेला असतो आणि मोबीफ्लाइटला बोर्ड सापडत नाही. एक कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. आयडीई बंद करा, बोर्ड सापडेल. डीसीएस या सिम्युलेटरमधली लढाऊ विमानं उडवणाऱ्यांसाठी डीसीएस-बायोस आहे. त्यात बऱ्याच विमानांच्या स्विचसाठी कोडची तयार ओळ मिळते आणि ती आपल्या स्केचमध्ये, म्हणजे आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये, चिकटवायची असते.

प्रो मायक्रोचा रस्ता घेतलात तर थोडा कोड लिहावा लागतो, आणि त्या बोर्डाची एक खोड माहीत असलेली बरी. प्रोग्राम चढवताना तो काही सेकंद बूटलोडरमध्ये (नवा प्रोग्राम स्वीकारणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) जातो आणि तेवढ्या वेळापुरता त्याचा कॉम पोर्ट नंबर बदलतो. चुकीचा प्रोग्राम चढून बोर्ड दिसेनासा झाला तर घाबरू नका, फेकूनही देऊ नका. रीसेटची पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या पिनला, पटापट दोनदा टेकवा. साधारण आठ सेकंद बूटलोडर जागा राहतो, तेवढ्यात नवा प्रोग्राम चढवायचा. आयडीईमध्ये अपलोडचं बटण आधी दाबायचं आणि कंपाइल संपत आलं की पिना टेकवायच्या. हा ताल दोन-तीन प्रयत्नांत जमतो.

स्विच आणि नॉब

स्विच जोडणं सोपं आहे, तरी नवखे इथे नको तेवढे रेझिस्टर लावतात. स्विचचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला. बस्स. चिपच्या आत २० ते ५० किलोओहमचा पुलअप रेझिस्टर असतो, तो पिनला वर खेचून धरतो. स्विच मिटला की पिन ग्राउंडला जाते. म्हणजे दाबल्यावर शून्य आणि सोडल्यावर एक; हे उलटं वाटतं, पण सवय होते. मोबीफ्लाइट हे स्वतःच सांभाळतं. कोड लिहीत असाल तर पिन 'इनपुट पुलअप' म्हणून जाहीर करायची. साधं 'इनपुट' लिहिलं तर पिन अधांतरी राहते आणि नुसता हात जवळ नेला तरी लँडिंग लाइट लागतो-विझतो.

चारही स्विचचं ग्राउंड एकाच वायरीनं माळेसारखं ओवता येतं. मग एखाद्या दिवशी तिसरा आणि चौथा स्विच एकदम मेला तर समजायचं की माळ दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे तुटली आहे.

धातूचे संपर्क मिटताना एकदाच मिटत नाहीत, काही मिलिसेकंद थरथरतात. बोर्ड इतका चपळ असतो की त्याला एका दाबण्यात पाच दाबणी दिसतात. उपाय सोपा: बदल दिसला की दहा-वीस मिलिसेकंद थांबून पुन्हा बघायचं. मोबीफ्लाइट आणि बऱ्याचशा लायब्रऱ्या हे करतात. स्वतःचा कोड असेल तर तुम्हाला करावं लागेल.

टॉगलची एक गंमत सुरुवातीलाच कळलेली बरी. सिम्युलेटर उघडताना विमानातला स्विच बंद असतो आणि तुमचा टेबलावरचा चालू. मग खटका खाली केला की दिवा लागतो, वर केला की विझतो! 'टॉगल करा' ही आज्ञा जोडली की हे हमखास होतं. खटका वर जाताना 'चालू करा' आणि खाली येताना 'बंद करा' अशा दोन वेगळ्या आज्ञा जोडा. उड्डाणाआधी सगळे खटके एकदा वर-खाली करायची सवय लावली की उरलासुरला फरकही मिटतो.

आता नॉब. हेडिंगला साधा पोटेन्शिओमीटर (रेडिओच्या आवाजाच्या नॉबसारखा) चालत नाही, कारण त्याला दोन्हीकडे टोक असतं आणि हेडिंग ३५९ वरून परत शून्यावर जातं. इथे रोटरी एन्कोडर, म्हणजे टिकटिक करत कितीही फिरणारा नॉब लागतो. नेहमीच्या ईसी११ प्रकाराच्या एका बाजूला तीन पाय असतात: मधला ग्राउंडला, बाजूचे दोन दोन पिनांना. दुसऱ्या बाजूचे दोन पाय नॉब दाबायच्या बटणाचे. आतले दोन संपर्क एकापाठोपाठ एक मिटतात. कोणता आधी मिटला यावरून नॉब कुठल्या दिशेला फिरला ते कळतं. उलटा फिरत असेल तर बाजूच्या दोन वायरींची अदलाबदल करा. एक टिक फिरवल्यावर हेडिंग दोन अंशांनी सरकत असेल, किंवा दर दुसऱ्या टिकलाच हलत असेल, तर नॉब खराब नाही. एन्कोडरांचे प्रकार वेगळे असतात, सेटिंगमध्ये दुसरा प्रकार निवडून बघा. जोरात फिरवल्यावर दहा-दहा अंशांची उडी घेण्याची सोयही मोबीफ्लाइटमध्ये आहे, ती जरूर लावा. एकेक अंशानं १८० अंश फिरवून बघाल तेव्हा पटेल.

प्रो मायक्रोवर नॉब जोडलात तर प्रत्येक टिक म्हणजे जॉयस्टिकचं एक बटण दाबून सोडणं. इथे एक बारीक खाच आहे. सिम्युलेटर सेकंदाला ३० चित्रं काढत असेल तर दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. बटण पाचच मिलिसेकंद दाबलेलं राहिलं तर सिम्युलेटरनं बघेपर्यंत ते सुटलेलंही असू शकतं. टिका हरवायला लागल्या तर दाब ४०-५० मिलिसेकंद धरून ठेवा.

दिवे

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. तिघांना मिळून एक नाही. तांबड्या एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, चकचकीत हिरव्या, निळ्या, पांढऱ्यावर ३ च्या आसपास. ५ मधून ते वजा करा, उरलेल्याला रेझिस्टरनं भागा. ३३० ओहम लावला तर तांबड्यातून ९ मिलिॲम्पियर जातात, हिरव्यातून ६. घरातल्या अंधाऱ्या कॉकपिटला तेवढा उजेड पुष्कळ झाला.

मेगाच्या एका पिनकडून २० मिलिॲम्पियरच्या वर मागू नये. ४० ही चिपची सहनशक्तीची हद्द आहे, कामाची नाही. आणि सगळ्या पिनांचं मिळूनही एक गणित असतं: पूर्ण चिपमधून २०० मिलिॲम्पियर, त्यापुढे नको. म्हणून पंचवीस-तीस दिव्यांचं वॉर्निंग पॅनेल थेट पिनांवर करू नका. तिथे मधे ड्रायव्हर चिप हवी.

आकडे, आणि विजेचा हिशेब

आठ आकड्यांचे तयार डिस्प्ले मॅक्स७२१९ चिपसह मिळतात. पाच वायरी: ५ व्होल्ट, ग्राउंड, आणि डेटा, सिलेक्ट, क्लॉक या तीन. चिप दर क्षणी एकाच आकड्याला वीज देते आणि इतक्या भराभर पुढे सरकते की डोळ्याला आठही पेटलेले दिसतात. १२४.८५० अशी फ्रिक्वेन्सी त्यावर पहिल्यांदा उमटते तेव्हा आपण उगाचच नॉब फिरवत बसतो.

आता कागद घ्या. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिॲम्पियर देण्यासाठी बनवलेलं असतं, आणि मेगावर तेवढ्याचाच, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूजही असतो. आपला खर्च मांडू. बोर्ड स्वतः ८० च्या आसपास. तीन हिरवे दिवे, १८. डिस्प्ले पूर्ण उजेडावर आणि आकड्यांच्या सगळ्या रेघा पेटलेल्या असताना ३२० पर्यंत. झाले ४१८. अजून मोटर जोडलेलीच नाही, आणि आपण काठावर आलो! उजेड निम्म्यावर आणला की डिस्प्लेचा खर्चही जवळपास निम्मा होतो. रात्री तोच बरा दिसतो, म्हणून मी पूर्ण उजेड कधीच ठेवत नाही.

एसजी९० सारखी चिमुकली सर्व्हो मोकळी फिरताना फार मागत नाही, पण निघताना किंवा अडकल्यावर क्षणभर अर्धा ॲम्पियर आणि त्याहून जास्त ओढते. त्या क्षणी ५ व्होल्ट एकदम खाली घसरतात, चिप रीसेट होते, आणि माझ्या त्या दोन रात्री वाया जातात. पॅनेलमागे प्रत्येकी ६० मिलिॲम्पियर ओढणाऱ्या डब्ल्यूएस२८१२ दिव्यांची पट्टी लावायचा विचार असेल तर हिशेब किती पुढे जाईल ते तुम्हीच मांडा.

मोटरला वेगळी वीज

५ व्होल्टचा, दोन-तीन ॲम्पियरचा एक चांगला ॲडाप्टर घ्या. जोडणी अशी:

ॲडाप्टरचा धन थेट सर्व्होच्या तांबड्या वायरीला. बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनला नाही.

ॲडाप्टरचा ऋण सर्व्होच्या तपकिरी वायरीला, आणि तिथूनच एक वायर बोर्डाच्या ग्राउंडला.

सर्व्होची नारिंगी वायर बोर्डाच्या ठरवलेल्या पिनला.

ग्राउंडची ती वायर विसरली की मोटर थरथरते किंवा ढिम्म बसते. बोर्ड म्हणतो 'पिनवर ५ व्होल्ट', पण कशाच्या तुलनेत पाच? दोघांचं शून्य एक असेल तरच त्या सिग्नलला अर्थ.

दोन्हीकडचे धन मात्र एकमेकांना जोडू नका. दोन्हींवर '५ व्होल्ट' लिहिलेलं असलं तरी एक ५.१ असतो, दुसरा ४.९. जास्त असलेल्याकडून कमी असलेल्याकडे, म्हणजे कदाचित तुमच्या संगणकाच्या पोर्टात, करंट घुसतो.

मोटरच्या जवळ, धन-ऋणाच्या मधे, ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा, किमान १० व्होल्टचा कपॅसिटर लावा. मोटरचा अचानक घेतलेला घास तो आधी आपल्यातून पुरवतो. अंगावर पट्टा असलेला पाय ऋण; उलटा लावला तर फुगतो, फुटतोही.

'मेगाला गोल जॅक आहे की, त्यात १२ व्होल्ट देऊन सगळं चालवू' हा विचार बहुतेकांच्या मनात येतो. त्या जॅकला ७ ते १२ व्होल्ट चालतात हे खरं. पण बोर्डावरचा रेग्युलेटर जास्तीचे व्होल्ट उष्णता म्हणून फुंकून टाकतो. १२ मधून ५ केले आणि ३०० मिलिॲम्पियर घेतले तर ७ गुणिले ०.३, म्हणजे २.१ वॉट त्या नखाएवढ्या तुकड्यात. बोट लावून बघू नका. १२ व्होल्टच वापरायचे असतील तर मधे एलएम२५९६ सारखा बक कन्व्हर्टर (फार उष्णता न करता व्होल्ट कमी करणारा मॉड्यूल) घाला, आणि काही जोडायच्या आधी त्याचा स्क्रू फिरवून आउटपुट ५ व्होल्टवर आणा. ताजा मॉड्यूल किती व्होल्टवर लावलेला येईल याचा नेम नसतो. मी एकदा न मोजता जोडला आणि डिस्प्ले गमावला.

रिले किंवा सोलेनॉइड लावायचा असेल तर त्याच्या कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७ चालेल. तो नसेल तर कॉइल बंद होताना उठणारा झटका चिपपर्यंत जातो.

तीन-चार पॅनेलं झाली की स्वतःचा ॲडाप्टर असलेला यूएसबी हब घ्यायचा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर लांबच्या उड्डाणात कुणी नॉबला हात लावला नाही म्हणून पॅनेल झोपी जाण्याची शक्यता राहते.

पेटीत बसवताना

वीज देण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात टेकवा. सलग बीप वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे; वायरी आणि सोल्डरचे ठिपके तपासा. नंतर सगळं चालू असताना बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवर मोजा. ४.७ च्या खाली जात असेल तर बारीक किंवा लांब यूएसबी केबल बदलून पाहा.

वायरी बहुतारी घ्या. एकतारी वायर झाकण दहादा उघडलं की सोल्डरपाशी तुटते. ग्राउंड काळी आणि ५ व्होल्ट तांबडी हा नियम मोडू नका, घरात फक्त पिवळी शिल्लक असली तरी. झाकण पूर्ण उलटं करून टेबलावर ठेवता येईल इतक्या वायरी लांब सोडा, आणि कोणत्या पिनवर काय आहे त्याचा कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पेनानं लिहा, पेन्सिल पुसली जाते.